मायक्रोटिकचा हॉटस्पॉट: पडून राहिलेल्या सेशनचा बंदोबस्त कितपत नीट होतो?

सार्वजनिक वाय-फाय सांभाळणाऱ्याकडे दोन तक्रारी हमखास येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. एक जण म्हणतो, फोन जरा खिशात ठेवला की लगेच पुन्हा पासवर्ड मागितला जातो. दुसरा म्हणतो, मी केव्हाच बाहेर पडलो होतो, तरी माझ्या व्हाउचरची वेळ संपून गेली. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: वापरकर्ता निघून गेला हे हॉटस्पॉटने कशावरून ओळखायचे? लॉगआउटचे बटण सहसा कोणी दाबत नाही. माणूस उठून चालू लागतो आणि यंत्र रेंजबाहेर जाते, त्यामुळे राउटरच्या हाती उरतो तो निव्वळ अंदाज. मायक्रोटिक या लाटव्हियातील कंपनीच्या राउटरओएस या राउटर चालवणाऱ्या प्रणालीत हॉटस्पॉटची सोय फार पूर्वीपासून आहे आणि छोट्या-मध्यम सार्वजनिक जाळ्यांमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ही सोय हा अंदाज कसा बांधते आणि कुठे चुकते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. वेग, रेंज किंवा राउटरच्या इतर गुणदोषांचा विचार येथे केलेला नाही.

राउटरओएसमध्ये लॉगिन झालेल्या वापरकर्त्याचे सेशन (लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतचा जोडणीचा काळ) तीन मुदतींनी बांधलेले असते आणि त्या तिन्ही यूजर प्रोफाइलमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांना लागू होणाऱ्या सेटिंगच्या संचात, भरायच्या असतात. सेशन टाइमआउट ही सर्वांत सरळ मुदत आहे. वापर चालू असो वा नसो, ठरलेली वेळ भरली की वापरकर्ता बाहेर काढला जातो. आयडल टाइमआउट वाहतुकीवर लक्ष ठेवते. त्या यंत्राकडून येऊन राउटरमधून पलीकडे काहीच जात नसेल तर मोजणी सुरू होते आणि वाहतूक पुन्हा दिसली की मोजणी शून्यावर येते. कीपअलाइव्ह टाइमआउटला वाहतुकीशी देणेघेणे नसते. यंत्र अजून जाळ्यावर आहे का, हाक मारली तर ओ देते का, एवढेच ती तपासते आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर सेशन बंद करते. म्हणजे वेळ भरली का, काम थांबले का आणि यंत्र गेले का, या तीन निराळ्या प्रश्नांसाठी तीन निराळी साधने आहेत. ही विभागणी मला या सोयीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, कारण अनेक हॉटस्पॉट प्रणालींमध्ये शेवटच्या दोन प्रश्नांची सरमिसळ होऊन जाते.

मात्र कारखान्यातून येणारी मूल्ये पाहिली की भुवया उंचावतात. डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये आयडल टाइमआउट बंद असते आणि कीपअलाइव्ह टाइमआउट मात्र २ मिनिटांचे असते. टेबलावर ठेवलेला, वीज लावलेला संगणक हेच मुख्य गिऱ्हाईक होते तेव्हा ही जोडी शोभून दिसत असेल, कारण तो संगणक दोन मिनिटे उत्तर देत नसेल तर तो बंद केलेला असण्याची शक्यता खरोखरच जास्त होती. आजच्या सार्वजनिक हॉटस्पॉटवर बहुतेक यंत्रे फोन असतात, आणि स्क्रीन बंद झालेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फायचा रेडिओ बराच वेळ झोपवून ठेवतो. तो जागेवरच असतो, त्याचा मालकही तिथेच बसलेला असतो, पण राउटरच्या हाकेला वेळेत उत्तर मिळेलच याची खात्री नसते. वरची पहिली तक्रार बहुतेकदा इथूनच उगवते. ज्याने नुसते सेटअपचे प्रश्न भरून हॉटस्पॉट चालू केला आहे, त्याला हे दोन मिनिटांचे कलम अस्तित्वात आहे याची कल्पनाही नसते, कारण सेटअपमध्ये त्याबद्दल विचारलेच जात नाही.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. आयडल टाइमआउट याच नावाचा रकाना हॉटस्पॉट सर्व्हरच्या खिडकीतही असतो आणि तिथे त्याचे डीफॉल्ट मूल्य ५ मिनिटे आहे. पण तो लागू होतो लॉगिन न केलेल्या यंत्रांना. वाय-फायला जोडले गेले, जाळ्यावरचा आयपी पत्ता घेतला, पण लॉगिनच्या पानावरून पुढेच गेले नाही, अशी यंत्रे यादीतून साफ करण्यासाठी तो आहे. लॉगिन झालेल्यांची मुदत ठरवायची म्हणून अनेक जण तिथे आकडा भरतात आणि परिणाम दिसत नाही म्हणून वैतागतात. दोन रकान्यांचे काम इतके वेगळे असताना नाव एकच ठेवणे, हा मांडणीतला दोषच म्हटला पाहिजे.

चौथी मुदत तर हॉटस्पॉटच्या खिडकीत दिसतच नाही. ती असते डीएचसीपी सर्व्हरमध्ये, म्हणजे यंत्रांना हे पत्ते वाटून देणाऱ्या भागात. यंत्राला दिलेल्या पत्त्याची लीज (तो वापरण्याची मुदत) नूतनीकरण न होता संपली, तर राउटरओएस त्या पत्त्यावरचे सेशनही बंद करतो आणि लॉगमध्ये लीज गेल्याचे कारण नोंदवतो. हॉटस्पॉटचा सेटअप साधारणपणे १ तासाची लीज ठरवून देतो, आणि यंत्र नियमानुसार निम्म्या मुदतीत नूतनीकरण मागते, त्यामुळे एरवी अडचण येत नाही. पण पत्ते कमी पडू लागले म्हणून कोणी लीज पाच-दहा मिनिटांवर आणली, तर झोपलेल्या फोनचे सेशन याही दाराने निसटू शकते. आणि आयडल टाइमआउट ३० मिनिटांचे ठेवूनही माणसे लवकर बाहेर का पडतात, हे कोडे सुटता सुटत नाही.

आता उलट बाजू पाहू. पडून राहिलेले सेशन तसेच राहू दिले तर बिघडते काय? पहिले नुकसान परवान्याचे. राउटरओएसच्या परवान्याच्या पातळीनुसार एका वेळी किती वापरकर्ते सक्रिय असू शकतात यावर मर्यादा आहे: चौथ्या पातळीला २००, पाचव्या पातळीला ५०० आणि सहाव्या पातळीला मर्यादा नाही. छोट्या राउटरांवर बहुधा चौथ्या पातळीचाच परवाना असतो. गेलेल्या माणसांची सेशन या २०० मध्येच मोजली जातात, आणि जागा अडवण्यासाठी खुर्चीवर टाकलेल्या रुमालासारखी ती दारात उभ्या असलेल्या माणसाला आत येऊ देत नाहीत. दुसरे नुकसान पत्त्यांचे. नेहमीच्या २४ बिटांच्या सबनेटमध्ये (जाळ्यातल्या पत्त्यांच्या गटात) वापरता येण्याजोगे २५४ पत्ते असतात, त्यांतला एक राउटरचा, आणि एका मॅक पत्त्यामागे (यंत्राची ओळख सांगणाऱ्या क्रमांकामागे) दोन आयपी पत्त्यांपर्यंत मुभा देणे हे डीफॉल्ट आहे. गर्दीच्या जागी ही शिल्लक फार वेळ टिकत नाही.

तिसरे नुकसान थेट वापरकर्त्याचे आहे. शेअर्ड यूजर्स ही मर्यादा डीफॉल्टने १ असते, म्हणजे एका व्हाउचरवर एका वेळी एकच सेशन. फोनवर लॉगिन करून फोन बंद केला आणि लॅपटॉप उघडला, तर जुने सेशन मिटेपर्यंत लॅपटॉपवर ‘या वापरकर्त्याला आणखी सेशन देता येत नाही’ अशा अर्थाची ओळ दिसते. पैसे भरून किंवा नोंदणी करून आलेल्या माणसाला त्याचेच खाते त्याची वाट अडवते आहे, हे कळणे शक्यच नसते. आणि चौथे, लिमिट अपटाइम. व्हाउचरवर दोन तासांची मर्यादा घातली तर ती सेशन किती वेळ उघडे होते यावरून मोजली जाते, किती वेळ वापर झाला यावरून नव्हे. त्यामुळे आयडल टाइमआउट बंद ठेवणे म्हणजे न वापरलेल्या वेळेचा भुर्दंड गिऱ्हाइकावर टाकणे. हा तांत्रिक निर्णय कमी आणि व्यवहाराचा निर्णय जास्त आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी कोणी जाणूनबुजून घेतलेलाच नसतो.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. पासवर्ड नसलेल्या उघड्या वाय-फायवर कोणत्याही यंत्राचा मॅक पत्ता हवेतून वाचता येतो. मालक निघून गेला, सेशन मात्र उघडे राहिले, तर दुसरा कोणी तोच पत्ता आपल्या यंत्राला लावून त्याच्या नावावर जाळे वापरू शकतो, आणि वाहतूक चालू राहिल्याने ते सेशन मग निष्क्रिय ठरतच नाही. आयडल टाइमआउट हा यावरचा पूर्ण इलाज नव्हे, पण उघड्या राहणाऱ्या खिडकीची रुंदी तो नक्कीच कमी करतो.

मग आयडल टाइमआउट चालू केले की काम झाले का? इथे गाडी पुन्हा अडते. विनबॉक्स या मायक्रोटिकची सेटिंग पाहण्या-बदलण्याच्या प्रोग्राममध्ये हॉटस्पॉटची अॅक्टिव्ह यादी उघडून, स्क्रीन बंद करून ठेवलेल्या एखाद्या फोनची ओळ काही वेळ पाहत राहावी. आयडल टाइमचा रकाना सेकंदासेकंदाने चढत जातो, आणि मग कोणी फोनला हातही न लावता तो अचानक शून्यावर येतो. त्या क्षणी फोनने सूचना पोहोचवणाऱ्या सेवेकडे जोडणी जिवंत असल्याची खूण पाठवलेली असते, किंवा मेल तपासलेला असतो, किंवा एखाद्या अॅपने आपला हिशेब वरती कळवलेला असतो. अँड्रॉइडच्या सूचना ५२२८ ते ५२३० या पोर्टांवरून (निरनिराळ्या सेवांना दिलेल्या क्रमांकांवरून) आणि अॅपलच्या ५२२३ या पोर्टवरून चालतात, आणि या जोडण्या दीर्घकाळ उघड्या राहाव्यात अशाच रीतीने बांधलेल्या आहेत. परिणाम असा की माणूस तासभर गप्पा मारत बसला तरी त्याचा फोन राउटरच्या लेखी ‘कामात’ असतो. जागेवर असलेल्या फोनला आयडल टाइमआउट सहसा पकडत नाही. तो पकडतो तो रेंजबाहेर गेलेल्या फोनला. सार्वजनिक हॉटस्पॉटवर आपल्याला बहुतेकदा तेच हवे असते, हे त्यातल्या त्यात बरे.

पण किती वाहतूक असली म्हणजे वापर मानायचा, हा उंबरठा ठरवण्याची सोय मायक्रोटिकच्या प्रोफाइलमध्ये नाही, आणि ही उणीव खटकते. सिस्कोच्या वायरलेस कंट्रोलरमध्ये (अनेक वाय-फाय केंद्रे सांभाळणाऱ्या यंत्रात) निष्क्रियतेची मुदत डीफॉल्टने ३०० सेकंदांची असते आणि तिच्या जोडीला बाइटांचा उंबरठा देता येतो: त्या मुदतीत त्याहून कमी माहिती गेली तर यंत्र निष्क्रियच समजले जाते. वेळेवर पैसे आकारणाऱ्या हॉटस्पॉटला अशा एका रकान्याची फार गरज आहे. मायक्रोटिकमध्ये हे करायचेच असेल तर स्क्रिप्ट लिहून, दर काही मिनिटांनी प्रत्येक सेशनच्या बाइटांची वजाबाकी करून, स्वतःच सेशन काढून टाकावे लागते. करता येते, पण ते हौशी माणसाचे काम आहे.

सेशन वारंवार बंद होण्याचा त्रास कमी करणारी एक चांगली सोय मात्र या प्रणालीत आहे, ती म्हणजे मॅक कुकी. लॉगिनच्या पद्धतींमध्ये ती निवडलेली असेल, तर एकदा नीट लॉगिन झालेल्या यंत्राची नोंद राउटर स्वतःकडे ठेवतो, डीफॉल्टने ३ दिवस, आणि ते यंत्र परत दिसले की पासवर्ड न विचारता त्याला आत घेतो. यामुळे निष्क्रिय सेशन बिनधास्त लवकर बंद करता येते: परवान्यातली जागा मोकळी होते, व्हाउचरची वेळ वाचते आणि माणूस परत आला की त्याला काही घडल्याचे जाणवतही नाही. माझ्या मते निष्क्रिय सेशनच्या बाबतीत या उत्पादनातली सर्वांत उपयुक्त गोष्ट हीच आहे, आणि टाइमआउटच्या आकड्यांवर वाद घालणारे तिच्याकडे सहसा दुर्लक्ष करतात. वर सांगितलेला मॅक पत्ता उसना घेण्याचा धोका हिच्यामुळे वाढतो, हेही खरे आहे. जिथे प्रत्येक वापरकर्त्याची ओळख पक्की ठेवण्याचे बंधन आहे तिथे ती वापरू नये.

हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता तयार करतात: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून ते डीफॉल्टनेच होते. असा पत्ता ओळखायला सोपा असतो, कारण त्यातला दुसरा अंक हेक्समध्ये (सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत) २, ६, ए किंवा ई यांपैकी असतो. एकाच नावाच्या जाळ्यावर हा पत्ता साधारणपणे तोच राहतो, म्हणून मॅक कुकी चालते. पण वापरकर्त्याने फोनमधून ते जाळे विसरायला लावले किंवा पत्ता बदलत राहण्याचा पर्याय निवडला, तर राउटरला ते नवेच यंत्र वाटते. जुन्या पत्त्याचे सेशन मागे लटकत राहते आणि ते साफ करण्याची जबाबदारी पुन्हा टाइमआउटवर येते. आयडल टाइमआउट बंद ठेवून नुसत्या कीपअलाइव्हवर विसंबणाऱ्यांचे तरी इथे भागते. दोन्ही बंद ठेवणाऱ्यांच्या यादीत मात्र अशा नोंदींचा ढीग साचतो.

नोंदींच्या बाबतीत मायक्रोटिकला पूर्ण गुण द्यायला हवेत. वापरकर्ता बाहेर पडला की लॉगमध्ये कारणासह ओळ येते: त्याने स्वतः लॉगआउट केले, की निष्क्रियतेची मुदत संपली, की यंत्र हाकेला आले नाही. प्रोफाइलमध्ये लॉगआउटच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट जोडता येते आणि हेच कारण तिच्याही हाती मिळते. तक्रार आली की आधी ही ओळ पाहावी. निम्मे काम तिथेच होते. रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा आणि वापराचा हिशेब ठेवणारा वेगळा सर्व्हर) जोडलेला असेल तर सेशन टाइमआउट आणि आयडल टाइमआउट ही मूल्ये तिथूनही पाठवता येतात. ही दोन्ही रेडियसच्या २००० सालच्या मानकातली २७ आणि २८ क्रमांकांची गुणवैशिष्ट्ये आहेत. सेशन संपल्याचा हिशेबही कारणाच्या क्रमांकासह परत जातो, त्यात निष्क्रियतेसाठी ४ आणि वेळ भरल्यासाठी ५ हा आकडा ठरलेला आहे. महिन्याच्या नोंदी काढून या दोन आकड्यांचे प्रमाण पाहिले, तर आपल्या मुदती योग्य आहेत की नाहीत याचा अंदाज घेण्यासाठी दुसऱ्या अहवालाची गरज पडत नाही.

बाहेरून एखादे सेशन तोडायचे असेल तर रेडियसचा डिस्कनेक्ट संदेश ३७९९ या पोर्टवर स्वीकारण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. मात्र ती चालू असो वा नसो, राउटर मध्येच वीज जाऊन बंद पडला, तर सेशन संपल्याचा निरोप सर्व्हरला मिळत नाही आणि तिथे ते उघडेच दिसत राहते. यावर उपाय म्हणून हिशेबाचे मधले अद्ययावत निरोप ठरावीक अंतराने पाठवायला लावावेत आणि ज्या सेशनचा निरोप बराच वेळ आलेला नाही ते सर्व्हरवर बंद समजावे. हे काम राउटरचे नसून रेडियस चालवणाऱ्याचे आहे, तरी दोष सहसा राउटरच्याच माथी मारला जातो.

वापरकर्त्याला काय दिसते, या बाजूने हे उत्पादन कमी पडते. स्टेटसच्या पानावर उरलेला वेळ आणि वापरलेली माहिती दिसते, ते पान डीफॉल्टने दर मिनिटाला ताजे होते, आणि पानाची रचना हवी तशी बदलताही येते. पण आजचा फोन लॉगिनचे पान एका छोट्या खिडकीत उघडतो आणि लॉगिन होताच ती खिडकी मिटून टाकतो, त्यामुळे स्टेटसचे पान क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. कॅप्टिव्ह पोर्टल म्हणजे आधी लॉगिनचे पान दाखवून मगच आत सोडणारी सोय; २०२० मध्ये आलेल्या कॅप्टिव्ह पोर्टल एपीआयच्या मानकामुळे फोनला सेशनचे किती सेकंद उरले हे जाळ्याकडून विचारता येऊ लागले आहे, आणि त्याचा पत्ता डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून कळवला जातो. परंतु त्या मानकातही निष्क्रियतेच्या मोजणीसाठी जागा ठेवलेली नाही, म्हणून ‘तुम्ही काही करत नसल्याने पाच मिनिटांत बाहेर पडाल’ असा इशारा वापरकर्त्याला मिळण्याचा मार्ग अजूनही नाही. ही उणीव एकट्या मायक्रोटिकची नाही. लॉगिनच्या पानावरच निष्क्रियतेची मुदत साध्या शब्दांत लिहून ठेवणे, एवढेच हॉटस्पॉट चालवणाऱ्याच्या हातात राहते.

पर्यायांबद्दल थोडक्यात. पीएफसेन्स या राउटर-फायरवॉल प्रणालीच्या कॅप्टिव्ह पोर्टलमध्ये आयडल टाइमआउट आणि हार्ड टाइमआउट असे दोनच रकाने आहेत, दोन्ही मिनिटांत भरायचे. समजायला ते सोपे आहेत, पण यंत्र जाळ्यावर आहे का हे पाहणारी स्वतंत्र मुदत तिथे नाही. ओपनएनडीएस या मुक्त प्रणालीची डीफॉल्ट मूल्ये मला अधिक शहाणपणाची वाटतात: लॉगिन न केलेल्या यंत्राला ३० मिनिटे, केलेल्याला १२० मिनिटे. ज्याला आकड्यांत हात न घालता चालवायचे आहे त्याने तिचा विचार करावा. ज्याला बारकाईने नियंत्रण हवे आहे त्याच्यासाठी मात्र मायक्रोटिकच सरस आहे.

मायक्रोटिक घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी डीफॉल्ट प्रोफाइल बाजूला ठेवून स्वतःचे प्रोफाइल तयार करावे. फोनांचा भरणा असलेल्या जागी कीपअलाइव्ह टाइमआउट १० ते १५ मिनिटांपर्यंत वाढवावे किंवा बंद करावे, आयडल टाइमआउट १५ ते ३० मिनिटांचे ठेवावे, आणि लीजची मुदत त्याहून ठळकपणे मोठी असू द्यावी. सेशन टाइमआउट त्या जागेच्या रोजच्या कामाच्या वेळेइतके दिले की रात्री यादी आपोआप रिकामी होते. मॅक कुकी ओळखीचे कडक बंधन नसेल तर चालू ठेवावी. आणि व्हाउचर वेळेवर विकत असाल, तर आयडल टाइमआउट १० मिनिटांच्या वर नेऊ नये. झोपलेला फोन त्यात एखाद्या वेळी बाहेर पडेलही, पण कुकीमुळे तो परत आत येईल, आणि गिऱ्हाइकाने न वापरलेली मिनिटे त्याच्याच खात्यावर शिल्लक राहतील.